यंदा रोटात नातीची पण मूठ घ्या

प्रिय दादा आणि वहिनी,

नमस्कार. दादा, परवा फोनवर तू म्हणालास नातीला एवढ्या लांब जर्मनीला पाठवायचं म्हणजे जिवाला घोर, आणि मग लाईन गेली की तूच फोन ठेवलास ते कळलं नाही. म्हणून लिहायला बसले, फोनवर तुझ्यापुढे माझं नीट बोलणं होत नाही, लहानपणापासून नाही झालं. नातीला सांग वाचून दाखवायला.

पोरगी नर्सिंग शिकली, जर्मन भाषेची बी टू परीक्षा पास झाली, अमळनेरात घरी बसून, त्या वरच्या खोलीत पत्रे तापतात तिथे. आणि आता आपण तिला म्हणायचं की नको जाऊ?

मी १९८१ ला कुवेतला गेले तेव्हा २८ वर्षांची होते. नवरा जाऊन वर्ष झालं होतं, पोरगा दोन वर्षांचा, तो वहिनीच्या कडेवर दिला आणि गेले. दोन वर्षांनी पहिल्यांदा सुट्टीवर आले तर तो वहिनीच्या पदरामागे लपला आणि तिला विचारत होता की ही कुवेतवाली किती दिवस राहणार. वहिनी, तू त्याला तेव्हा पुढे ढकललं नाहीस, रागावली नाहीस, रात्री तुझ्या आणि माझ्या मधे झोपवलंस. तिसऱ्या दिवशी तो आपणहून माझ्याकडे वळला. ते मी कधी विसरले नाही, आज लिहून टाकते, तोंडावर कधी बोलले नाही.

आता मुठीचं सांगते. दादा, तुला हे वहिनीने सांगितलं नसेल. १९९० ची कानबाई, आपल्या खान्देशातला श्रावणातला देवीचा सण, तू गंगाफळ आणि केळीचे खांब आणायला गेला होतास. आई रोटाचे, देवीच्या नैवेद्याचे गहू मोजत होती, आपल्याकडे घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ, अण्णांची झाली, काकांची, तुझी, तुझ्या दोन्ही पोरांची. मग आईने अजून एक घेतली. काकू म्हणाल्या ही कोणाची, तर आई म्हणाली, "कुवेतवालीनी. ती बी मनी आंडेर शे, तिनी मूठ मी लिसू." ती पण माझी लेक आहे, तिची मूठ मी घेणार. लग्न झालेल्या पोरीची मूठ माहेरच्या रोटात नसते हे आईला माहिती नव्हतं का? तिच्याएवढं कडक कानबाईचं करणारी बाई मी पाहिली नाही, रोटाचा एक तुकडा भाऊबंदकीच्या बाहेर जाऊ द्यायची नाही. पण ती कोणाचं ऐकली नाही, हाताने पीठ मळलं, आणि सोमवारी बोरी नदीवर कानबाई डोक्यावर घेऊन गेली.

आणि त्याच गुरुवारी, २ ऑगस्टला, पहाटे इराकचं सैन्य कुवेतमधे शिरलं.

मी नाईटला होते, बाळांच्या वॉर्डात. सकाळी सुटणारी ड्युटी तिसऱ्या दिवशी सुटली कारण पुढच्या शिफ्टच्या बायका पोचल्याच नाहीत. दूध पाजायचं, लंगोट बदलायचे, खिडकीपासून पाळणे लांब सरकवायचे, आणि तोंडात एकच, कानबाई माय, कानबाई माय. माझ्यासोबतची केरळची सिस्टर माळ ओढत तिच्या देवाचं नाव घ्यायची. आम्ही दोघी एकाच टेबलाखाली आळीपाळीने झोपलो.

सप्टेंबरात निघालो, बसने बगदाद, तिथून जॉर्डनची हद्द, वाळवंटात तंबू, पाण्याला लाईन, मग अम्मानवरून एअर इंडियाचं विमान. त्या दोन महिन्यांत लाखाच्या वर आपली माणसं अशीच आणली. व्ही.टी. वरून जळगाव आणि मग एसटी. आई ओट्यावर बसलेली होती, उठली नाही, नुसतं माझ्या हाताची बोटं मोजल्यासारखी एकेक धरून पाहिली. आई शेवटपर्यंत म्हणायची त्या मुठीने तुला आणलं. मी तेच मानते.

एक गोष्ट मात्र नातीने पाठ करावी. तेव्हा बऱ्याच जणींचे पासपोर्ट मालकाच्या कपाटात होते आणि मालक पळून गेलेले, त्या बिचाऱ्या कागदासाठी अडकल्या. पासपोर्ट कोणाच्या हातात द्यायचा नाही, कोणी कितीही गोड बोललं तरी. करार जर्मनमधे असेल तर सही करण्याआधी शब्दन्‌शब्द समजून घे, पगार किती, ड्युटी किती तास, मधेच सोडलं तर किती पैसे भरायचे. आणि एजंटला रोख पैसे अजिबात नाही. आपल्या महाराष्ट्र सरकारचा २०२४ मधे जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार झालाय, आधी तिथे चौकशी करा.

इंग्लंडचं काय लिहू, २००१ ला आले, पुन्हा शिकाऊ सारखं सहा महिने काम, ४८ वर्षांच्या बाईला विशीतल्या पोरी बेड कसा लावायचा ते दाखवायच्या. पुढे सगळं ठीक झालं, पोरगा पण इथेच शिकायला आला आणि राहिला. लेस्टरमधे गुजराती दुकानात नारळ मिळतो, मी श्रावणात त्याचीच कानबाई करून पाटावर ठेवते, डोळे नाक काढते, नथ घालते, दिवा लावते. रोट करत नाही, ते आपल्या घरचं, तिथेच व्हायला पाहिजे.

तर दादा, माझं मागणं एवढंच. यंदा गहू मोजशील तेव्हा नातीची सव्वा मूठ घे, आणि तिच्याच हाताने घ्यायला लाव. जाणार असेल तरी आणि नसेल तरी. वहिनी, आईचं ते पितळी ताट त्या दिवशी काढ, आणि गहू दळायला द्यायच्या आधी मला व्हिडिओ कॉल लाव, इथे पहाट असेल पण मी उठून बसलेली असेन.

तुझी लहान बहीण