राग यंत्रावर की यंत्र चालवणाऱ्यावर?

संपादक महोदय,

ख्रिस्ती श्रद्धेच्या लेखकांनी लिहिलेल्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांना सरसकट ‘विज्ञानविरोधी’ ठरवणारा रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. पटला नाही.

अशाच लेखकांपैकी एक, ‘नार्निया’कार ब्रिटिश लेखक सी. एस. लुईस यांच्यावर हाच आरोप शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४६ मध्ये केला होता. (पुढे १९५७ मध्ये भारतात येऊन राहिले, तेच हाल्डेन.) आरोपात ‘दॅट हिडिअस स्ट्रेंग्थ’ ही १९४५ ची कादंबरीही होती. तीत विज्ञानाच्या नावाखाली एक संस्था माणसांवर हुकमत गाजवू पाहते. पण तिथला खरा म्हणावा असा शास्त्रज्ञ, एक रसायनशास्त्रज्ञ, हे विज्ञान नसून राजकारण आहे हे ओळखून बाहेर पडतो आणि त्याचा खून होतो. लुईस यांनी हाल्डेनना लिहिलेल्या उत्तरात याकडेच बोट दाखवले होते. ते उत्तर त्यांच्या हयातीत छापून आले नाही, हे दुर्दैव.

माझे वडील इथे यंत्रमागावर चादरी विणत. धागा तुटला की माग थांबवून चिमटीत गाठ मारत आणि पुन्हा माग चालू करत. यंत्राला त्यांनी कधी शिवी दिली नाही. शिव्या असत त्या बारा तासांची पाळी लावणाऱ्याला. लुईस यांचा रोखही तिकडेच आहे.

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक टोल्किन यांच्याबाबत मात्र लेखकाचे म्हणणे काहीसे मान्य. त्या कादंबरीतला झाडे तोडून भट्ट्या पेटवणारा दुष्ट जादूगार सारुमान रंगवताना त्यांचा यंत्रांवरचा राग लपत नाही.

– एक वाचक, सोलापूर