वळिवड्याचे पोलंडवाले घरी का गेले नाहीत?

वॉर्सा

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही विचारलंत, युद्ध संपलं, हिटलर मेला, तरी कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीतले कितीतरी पोलंडवाले आपल्या गावी का गेले नाहीत? फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

त्यांची गावं पोलंडमध्ये राहिलीच नव्हती. तुम्ही लाल बावट्याचे, तुम्हाला ठाऊक आहे, १९१७ मध्ये लेनिननं जाहीर केलं होतं, की दुसऱ्याचा मुलूख बळकावायचा नाही, गुप्त करार करायचे नाहीत. झारचे गुप्त करार तर छापूनच टाकले. आणि ऑगस्ट १९३९ मध्ये स्टालिननं हिटलरशी करार केला, त्याच्या गुप्त कलमांत पोलंडची वाटणी! ती कलमं मॉस्को १९८९ पर्यंत नाकारत होतं. फेब्रुवारी १९४० पासून पूर्व पोलंडमधली कुटुंबं मालगाड्यांत कोंबून सायबेरियात, कझाकस्तानात धाडली. त्यात जंगलखात्याचे रखवालदार होते, बाबा, साधे शेतकरी होते. कामगार-शेतकऱ्यांच्या राज्यानं धाडलेले.

१९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला, स्टालिन दोस्त राष्ट्रांत आला, तेव्हा कुठे यांची सुटका झाली. त्यातले पाचेक हजार, बहुतेक बायका-मुलं, १९४३ पासून वळिवड्याला. आई, तू कापड आणायला जातेस ते गांधीनगर म्हणजे तीच जागा.

त्याच वर्षी रशियातल्या काटिनच्या जंगलात पोलिश लष्करी अधिकाऱ्यांच्या कबरी सापडल्या. मारणारे स्टालिनचे पोलीस. लंडनमध्ये आश्रयाला असलेल्या पोलिश सरकारनं रेड क्रॉसकडे चौकशी मागितली, तर स्टालिननं त्यांच्याशी संबंधच तोडले. चर्चिल-रूझवेल्टना स्टालिनच्या लाल सेनेची गरज होती, ते गप्प बसले. १९४५ मध्ये याल्टाच्या परिषदेत या तिघांनी पोलंडची पूर्व सीमा पश्चिमेकडे सरकवली, यांची गावं रशियाकडे गेली, आणि तेही पोलिश सरकारला न विचारता.

मी राहते त्या शहराचं तर काय सांगू! १ ऑगस्ट १९४४ ला इथं जर्मनांविरुद्ध उठाव झाला. ६३ दिवस चालला. लाल सेना जवळ येऊन थबकली. सैन्य दमलं होतं, रसद तुटली होती, हे मी मान्य करते. पण मदत टाकायला निघालेल्या दोस्तांच्या विमानांना स्टालिननं सप्टेंबरच्या मध्यापर्यंत आपल्या तळांवर उतरू दिलं नाही. त्याला दमणूक कशी म्हणायची?

तुम्ही म्हणाल, चर्चिल तरी कोण लागून गेला, १९४३ चा बंगालचा दुष्काळ आठव. आठवतोय. दोघांचाही हिशेब मांडा, रविवारी फोनवर भांडू.

आई, गुडघ्याला तेल लावतेस ना?

तुमची,
मनू