बिल्डरला जो नियम, तो सरकारी पोर्टलला का नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एखाद्या कंपनीने वार्षिक हिशेबाचा फॉर्म मुदतीत भरला नाही, तर त्या एका फॉर्मामागे दिवसाला 100 रुपये जादा शुल्क लागते. या रकमेला कमाल मर्यादाही नाही. मी नागपूरच्या धंतोलीत करसल्लागार म्हणून काम करतो. हिंगणा, बुटीबोरीचे लहान कारखानदार हा भुर्दंड कायदा म्हणून सोसतात, आणि माझी त्याला हरकत नाही. नियम असावा आणि तो पाळला जावा. पण ज्या पोर्टलवर हा फॉर्म भरायचा, ते पोर्टलच वर्षानुवर्षे रखडले तर त्या उशिराचा जाब कोण कोणाला विचारतो?

कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए-21 पोर्टलचेच घ्या. त्याची तिसरी आवृत्ती 2021-22 मध्ये सुरू करू, असे अर्थमंत्र्यांनी 2021 च्या अर्थसंकल्पी भाषणात सांगितले होते. एलएलपीचे, म्हणजे मर्यादित दायित्वाच्या भागीदारी संस्थांचे, फॉर्म मार्च 2022 मध्ये आले. जानेवारी 2023 मध्ये कंपन्यांचे 56 फॉर्म नव्या पोर्टलवर गेले. शेवटच्या 38 फॉर्मांना जुलै 2025 उजाडला. मधली अडीच वर्षे एकाच कंपनीचे काही कागद जुन्या पोर्टलवर आणि काही नव्या पोर्टलवर होते. फॉर्म अपलोड होत नाही, पैसे कापले जातात पण चलन दिसत नाही, डिजिटल सही जुळत नाही, अशा तक्रारी देशभरातल्या सीए आणि कंपनी सेक्रेटरींनी केल्या. मंत्रालयाने वेळोवेळी मुदतवाढ दिली, जादा शुल्क माफ केले, हेही नोंदवले पाहिजे. पण मुदतवाढीने फॉर्म भरणाऱ्याची सुटका झाली, काम का रखडले ते कळलेच नाही.

याच्या अगदी उलट चित्र बांधकाम प्रकल्पांसाठीच्या रेरा कायद्यात दिसते. प्रकल्प नोंदवतानाच बिल्डरला तो पूर्ण होण्याची तारीख जाहीर करावी लागते. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. त्यातून रक्कम काढायची तर झालेल्या कामाच्या प्रमाणातच, आणि तीही इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि सीए या तिघांच्या दाखल्यावर. दर तिमाहीला कामाची प्रगती संकेतस्थळावर टाकावी लागते. तारीख पुढे ढकलायची तर रीतसर अर्ज करून कारण द्यावे लागते. ठरल्या तारखेला ताबा दिला नाही, तर ग्राहक व्याजासह पैसे परत मागू शकतो. महाराष्ट्रात हा कायदा 1 मे 2017 पासून चालू आहे. बेसा, मनीषनगर, जामठा भागात घर घेणारे लोक आज पैसे भरण्याआधी महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाची मूळ तारीख आणि सुधारित तारीख बघून घेतात. हा फार मोठा बदल आहे आणि तो एका साध्या सक्तीमुळे झाला: उशीर लपवता येत नाही.

हीच सक्ती नियामक संस्थांच्या स्वतःच्या संगणकीकरणाला लावा, एवढीच माझी मागणी आहे. कंपनी निबंधक, वीज नियामक आयोग, अन्न व औषध प्रशासन, खुद्द महारेरा, सगळ्यांना. निविदेतली मूळ तारीख, आजची तारीख, ठेकेदाराला आतापर्यंत दिलेले पैसे, त्या पैशांत प्रत्यक्ष चालू झालेल्या सेवा आणि न झालेल्या सेवा, असा एक पानी तक्ता दर तिमाहीला त्या संस्थेच्या संकेतस्थळावर दिसावा. बिल अदा करण्यापूर्वी त्रयस्थ तपासणीचा दाखला असावा, आणि रोज फॉर्म भरणारी माणसे त्या तपासणीत बसवावीत. नवी प्रणाली पूर्ण चालत असल्याची खात्री होईपर्यंत जुनी बंद करू नये.

सॉफ्टवेअर म्हणजे इमारत नव्हे, कायदा बदलला की कामही बदलते, असे उत्तर यावर मिळते. ते खरे आहे. पण मग तसे लिहून द्या. कारण सांगून मुदत वाढवून घेण्याची सोय रेरातही आहेच. ‘काम प्रगतिपथावर आहे’ या उत्तरातून मात्र काहीच हाती लागत नाही.

हा केवळ आम्हा करसल्लागारांच्या त्रासाचा विषय नाही. नियामकाचा संगणक अडकला की त्याची नजरही अडकते. इंग्लंडमध्ये रुग्णालये आणि वृद्धाश्रम तपासणाऱ्या केअर क्वालिटी कमिशनचे उदाहरण आहे. तिथे 2019 मध्ये सुमारे 16 हजार तपासण्या झाल्या होत्या, 2023 मध्ये त्या सात हजारांच्या आसपास आल्या. कारणे अनेक होती, पण 2024 च्या स्वतंत्र चौकशीने नव्या संगणक प्रणालीतल्या बिघाडावर स्पष्ट बोट ठेवले. आणि आपण नागपूरकरांनी तर हे अधिक गांभीर्याने घ्यायला हवे. देशभरातले स्फोटक कारखाने, पेट्रोल पंप, गॅस सिलिंडर यांना परवाने देणाऱ्या पेसोचे मुख्यालय आपल्या सेमिनरी हिल्सला आहे. बाजारगावच्या स्फोटक कारखान्यातल्या स्फोटात 17 डिसेंबर 2023 रोजी नऊ कामगार गेले, त्यानंतर जून 2024 मध्ये धामण्याला स्फोट झाला. या दुर्घटनांचा दोष मी कोणत्याही पोर्टलवर टाकत नाही. पण परवाना कोणाचा, शेवटची तपासणी कधी झाली, त्रुटी दूर झाली की नाही, ही माहिती अशा संस्थेच्या पडद्यावर तत्काळ दिसण्यावर माणसांचे जीव अवलंबून असतात. तिथला उशीर लोकांना कळलाच पाहिजे.

आज उशिराची दखल घेतली जाते ती फार ओरड झाली तरच. प्राप्तिकराचे नवे पोर्टल 7 जून 2021 रोजी सुरू होऊन कोलमडले, तेव्हा ऑगस्टमध्ये अर्थमंत्र्यांनी ते पोर्टल बनवणाऱ्या कंपनीच्या प्रमुखांना बोलावून विचारणा केली. चांगलेच केले. पण ज्या पोर्टलचे वापरकर्ते काही हजारच आहेत, त्यांच्यासाठी कोण बोलावणार? कॅग हे काम करते, पण नंतर. जीएसटी लागू होऊन दोन वर्षे झाली तरी बिले जुळवून आधी भरलेल्या कराची वजावट (इनपुट टॅक्स क्रेडिट) तपासण्याची मूळ व्यवस्था चालू झालेली नाही, हे कॅगने 2019 च्या अहवालात सांगितले, तोवर ती दोन वर्षे गेलेली होती.

वीज नियामक आयोग आणि महारेरा यांचे वार्षिक अहवाल कायद्यानेच विधिमंडळाच्या पटलावर ठेवावे लागतात. वर मागितलेला तक्ता त्याच अहवालात जोडायला नवा कायदा कशाला हवा? डिसेंबरात अधिवेशन नागपुरात भरते. महालेखाकारांचे लेखापरीक्षा कार्यालयही इथेच सिव्हिल लाइन्सला आहे. विदर्भातल्या आमदारांनी, सत्तेतल्या आणि विरोधातल्याही, येत्या अधिवेशनात यावर तारांकित प्रश्न द्यावा: राज्याच्या प्रत्येक नियामक संस्थेच्या संगणकीकरणाची मूळ तारीख कोणती होती, आजची कोणती आहे, आणि आतापर्यंत किती पैसे दिले? उत्तर असमाधानकारक असेल तर विषय लोकलेखा समितीकडे जावा, आणि समितीने सचिवांबरोबर ठेकेदारालाही साक्षीला बोलवावे.

आपला,
एक वाचक व करसल्लागार,
धंतोली, नागपूर