काकू, बाबांना सेइबेई भेटवलात

आदरणीय काकू,

जपानी दिग्दर्शक योजी यामादांचा २००२ चा 'द ट्वायलाइट सामुराई' हा सिनेमा तुम्ही बाबांच्या शेजारी बसून मराठीत सांगितलात. फोनवर आभार मानून माझं समाधान होईना, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

पडद्याखालची धावती इंग्रजी अक्षरं बाबांच्या डोळ्यांना झेपत नाहीत. पण तुम्ही नुसते संवाद सांगून थांबला नाहीत. सिनेमाचा नायक सेइबेईला वर्षाला पन्नास कोकू मिळतात, आणि एक कोकू म्हणजे साधारण एका माणसाला वर्षभर पुरणारा तांदूळ, हे सिनेमा थांबवून समजावलंत. त्यातूनही कपात होते म्हटल्यावर, रात्री घरी बसून किड्यांचे पिंजरे बनवणारा हा सामुराई बाबांना एकदम उमगला. त्याची आई त्यालाच ओळखत नाही, तिथे बाबांनी तुमच्याकडे पाहिलं आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत. आजीचं विसरणं वाढल्यापासून बाबा किती मिटून गेलेत, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या न बोलण्याचे आभार मला वेगळे मानायचे आहेत.

आणि योगो झेन्एमोन! सेप्पुकूचा, म्हणजे स्वतःचं पोट चिरून मरण्याचा, हुकूम धुडकावून स्वतःला घरात कोंडून घेतलेला तलवारबाज, आणि त्याला मारायला धाडलेला सेइबेई. दोघं आधी बसून बोलतात. योगो आपल्या गेलेल्या बायकोबद्दल, मुलीबद्दल सांगतो. मला तर हाच सिनेमाचा गाभा वाटतो. बायकोच्या अंत्यविधीसाठी सेइबेईने तलवार विकलीय, म्यानात बांबूचं पातं आहे, हे कळल्यावर योगो इतका का खवळतो, असं बाबांनी विचारलं. तुम्ही म्हणालात, "याने मला तेवढ्याच लायकीचा समजलं, असं वाटतं त्याला." मग सेइबेईच्या हातात आखूड तलवार का, तेही सांगितलंत, त्यामुळे योगोची लांब तलवार वरच्या लाकडात अडकली तेव्हा बाबा आमच्याआधी ओरडले. योगो झालेले मिन तानाका मुळात नर्तक, हे ऐकून त्यांनी तो कोसळण्याचा प्रसंग पुन्हा लावायला लावला.

दुसऱ्या दिवशी बाबा आजीच्या खाटेशी बसून तिला सेइबेईची गोष्ट सांगत होते. बऱ्याच दिवसांनी ते इतकं बोलले.

यामादांचे असेच आणखी दोन सिनेमे आहेत, २००४ आणि २००६ चे. बाबांनी नावं लिहून घेतलीत. तुम्हाला जमेल त्या संध्याकाळी या; काकांनाही आणा, जेवूनच जा.

तुमची,
शेजारच्या घरातली लेक