साठ दिवस आधीचे तिकीट आणि थंडीचा अंदाज

इंदूर,
१२ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आई व बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल सकाळी आठ वाजता तुम्हा दोघांना ग्वाल्हेरहून इकडे येण्यासाठी १० जानेवारीच्या रात्रीच्या गाडीची दोन तिकिटे काढली, दोन्ही खालचे बर्थ मिळाले. दुपारी बाबा फोनवर म्हणाले, "दोन महिन्यांनी धुके असेल की नाही हे हवामान खात्याला सांगता येत नाही, तू कशाच्या जोरावर तिकीट काढलेस? रद्द कर." फोनवर वाद नको म्हणून लिहीत आहे.

बाबांच्या रागाचे मूळ मला ठाऊक आहे. २०२४ च्या दिवाळीआधी 'ला निनामुळे यंदा कडाक्याची थंडी' असे मथळे वाचून तुम्ही दौलतगंजातून दोन जाड रजया भरून आणल्यात, आणि पुढच्याच फेब्रुवारीत ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आपल्या घरात पंखा लावावा लागला. देशातील १९०१ पासूनच्या नोंदींत २०२५ चा फेब्रुवारी सर्वांत उष्ण ठरला. पण बाबा, रागाचा पत्ता चुकला आहे. ला निना, म्हणजे प्रशांत महासागराचे विषुववृत्ताजवळचे पाणी नेहमीपेक्षा थंड होणे, लवकर अवतरेल असे त्या वेळी जगभरच्या संस्था म्हणत होत्या, ती आल्याचे जानेवारीत जाहीर झाले आणि तीही दुबळी निघाली. आपल्या हवामान खात्याने मात्र डिसेंबरच्या आरंभी दिलेल्या हंगामी अंदाजात तापमान सरासरीहून अधिक राहील आणि थंडीच्या लाटेचे दिवस कमी असतील असेच म्हटले होते. मथळा ऑक्टोबरचा, अंदाज डिसेंबरचा. रजया पहिल्यावर भरल्या गेल्या.

तरीही बाबांचे अर्धे म्हणणे खरे आहे. हवेची आजची स्थिती मोजण्यात राहिलेली बारीकशी चूकही दिवसागणिक वाढत जाते, त्यामुळे साधारण दोन आठवड्यांपलीकडे एखाद्या ठरावीक दिवसाचे हवामान सांगणे जमत नाही. तीन महिन्यांच्या अंदाजाचा आधार निराळाच असतो: प्रशांत महासागराचे पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते, म्हणून त्याचा कल बराच आधी कळतो. हा कल संपूर्ण हंगामाच्या सरासरीला लागू पडतो, एखाद्या रात्रीला नाही. ग्वाल्हेरचे धुके तर भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांच्या, म्हणजे हिवाळ्यात पाऊस आणणाऱ्या हवेच्या प्रणालींच्या, हाती असते. एखादा विक्षोभ शिंतोडे टाकून पुढे सरकला, आकाश निरभ्र झाले आणि वारा पडला, की ओल्या जमिनीवर पहाटे धुके बसते. असा विक्षोभ ९ जानेवारीला जाईल की १३ ला, हे आज कोणीही सांगू शकत नाही.

शिवाय हे अंदाज शक्यतेच्या भाषेत असतात. सरासरीहून थंड, सरासरीइतका आणि सरासरीहून उबदार असे तीन कप्पे धरले, तर काहीच माहिती नसताना प्रत्येकाच्या वाट्याला ३३ टक्के येतात. थंडीचा कप्पा ५० टक्के सांगितला, तरी अशा दर दोन हिवाळ्यांपैकी एक थंड निघणार नाही, आणि त्यात अंदाज चुकला असे म्हणता येत नाही. मागच्या व्हरांड्यातल्या थर्मामीटरशेजारी खिळ्याला टांगलेली तुमची निळी वही उघडून पाहा. उबदार ठरलेल्या हिवाळ्यांतही चार-सहा बोचऱ्या रात्री तुम्हीच लाल पेन्सिलीने अधोरेखित केलेल्या सापडतील.

तेव्हा या महिन्याअखेरीस किंवा डिसेंबरच्या आरंभी येणाऱ्या हंगामी अंदाजावर एवढेच ठरवावे की गिझर आताच दुरुस्त करायचा का आणि आईच्या दम्याची औषधे किती आणून ठेवायची. खोली बंद करून कोळशाची सिगडी पेटवायची नाही, हे मात्र कोणताही अंदाज आला तरी कायम. तिकिटाचे वेगळे. खाते दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज देते. १ जानेवारीला गुरुवारच आहे, त्यावरून त्या आठवड्याचा रोख दिसेल. पक्का निर्णय ८ तारखेला सकाळी धुक्याचा रोजचा इशारा पाहून घेऊ, कारण गाडी सुटण्याच्या ४८ तास आधी तिकीट रद्द केले तर ठरावीक थोडीशीच रक्कम कापली जाते, आणि ती माझ्याकडे लागली. तिकीट मात्र आज सोडले तर खालचे बर्थ पुन्हा मिळायचे नाहीत.

बाबा, ८ तारखेला पहाटे उठलात की वहीतला आकडा आणि गच्चीवरून समोरच्या देवळाचा कळस दिसतो की नाही, एवढे फोनवर कळवा. आई, संक्रांतीचा तिळगूळ इथेच करू, तीळ मी आणून ठेवते.

तुमची,
धाकटी