तिकीट सगळ्यांचं, मग कागद का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लॉटरीच्या बंपर सोडती जवळ आल्या की कचेऱ्या, एसटीची आगारं, कारखान्यांच्या पाळ्या, शाळांच्या शिक्षकखोल्या इथं काँट्री सुरू होते. एकजण पन्नास-पन्नास रुपये गोळा करतो, जेवणाच्या सुट्टीत कोपऱ्यावरच्या स्टॉलवरून तिकिटं आणतो आणि पाकिटात घालतो. कुणी किती दिले, कोण रजेवर होतं, कुणाचे ‘पगाराला देतो’ म्हणून राहिले, हे सगळं त्या एकट्याच्या डोक्यात. याच मंडळींची भिशीही असते, आणि तिची वही इतकी चोख की पाच वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये कुणाची उचल होती तेही सापडेल. माझं म्हणणं एवढंच, की तिकिटाच्या काँट्रीचीही नोंद सोडतीच्या आधी व्हावी. ती कशा शब्दांत लिहायची यावरही बरंच अवलंबून आहे, म्हणून हे लांबलेलं पत्र.

‘मुळात लॉटरी घ्यावीच कशाला?’ असं काही वाचक म्हणतील. त्यांचं खरंही असेल. पण आपलं राज्य सरकार १९६९ पासून स्वतः लॉटरी चालवतंय आणि सप्टेंबर २०२५ पासून तिकिटांवर ४० टक्के जीएसटी आहे. माणसं तिकिटं घेत आलीत, घेत राहतील. मग निदान आपापसात तरी भांडू नयेत.

केरळमधलं परप्पनंगडीचं उदाहरण बऱ्याच जणांना आठवत असेल. तिथल्या नगरपालिकेच्या हद्दीत घरोघरी जाऊन कचरा गोळा करणाऱ्या हरित कर्म सेनेच्या ११ जणींनी मिळून २५० रुपयांचं मान्सून बंपरचं तिकीट घेतलं आणि जुलै २०२३ मध्ये त्यांना १० कोटींचं पहिलं बक्षीस लागलं. बातमी सगळीकडे ‘नशीब उघडलं’ अशी छापून आली. मला मात्र त्यातला हिशोब मोलाचा वाटला. नऊ जणींनी प्रत्येकी २५ रुपये घातले. उरलेल्या दोघींनी साडेबारा-साडेबारा घालून मिळून एक हिस्सा घेतला. म्हणजे माणसं अकरा आणि हिस्से दहा. हे पैसे काढतानाच बोललं गेलं नसतं तर काय झालं असतं? एकजण म्हणाली असती, अकरांत सारखं वाटा. दुसरी म्हणाली असती, जेवढे घातले तेवढंच घे. दोघींच्याही म्हणण्यात न्याय आहे, आणि म्हणूनच असं भांडण कुणाला सोडवता येत नाही. साडेबारा रुपयांचा प्रश्न तेव्हाच मिटवता येतो, जेव्हा तो साडेबारा रुपयांचाच असतो.

उलटं उदाहरण अमेरिकेतलं. न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ शहरात एका बांधकाम कंपनीतले कामगार मिळून तिकिटं घेत. २००९ मध्ये त्यांच्यातल्या तिकिटं आणणाऱ्यालाच ३ कोटी ८५ लाख डॉलरचं बक्षीस लागलं. त्यानं पायाच्या शस्त्रक्रियेचं कारण सांगून काम सोडलं. पाच सहकाऱ्यांना खरी गोष्ट कळल्यावर तो म्हणाला, ते तिकीट मी माझ्या वेगळ्या पैशांनी घेतलं होतं. खटला चालला आणि मार्च २०१२ मध्ये ज्यूरीनं पाच जणांच्या बाजूनं कौल दिला. दोन वर्षांहून जास्त काळ गेला, आणि वाद काय होता? एका खिशातली दोन तिकिटं, त्यातलं गटाचं कोणतं. सोडतीच्या आदल्या दिवशी तिकिटाचा फोटो काढून पाचही जणांना दाखवला असता तर खटल्याला विषयच उरला नसता. आता तर प्रत्येक खात्याचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो. सकाळी सुप्रभातची फुलं पाठवायला तो चालतो, मग तिकिटाच्या फोटोला का चालू नये?

वाद व्हायला कोटीच लागतात असंही नाही. मी ज्या कार्यालयातून निवृत्त झालो तिथं (नाव सांगत नाही) शंभर-दोनशेची बक्षिसं वाटून न घेता पुढच्या तिकिटांत घालायची पद्धत होती. एका शिपायाची दुसऱ्या तालुक्यात बदली झाली. पुढच्याच महिन्यात, जुन्या बक्षिसांच्या पैशांतूनच घेतलेल्या तिकिटाला पाच हजार लागले. त्यानं फोन करून आपला वाटा मागितला. उत्तर मिळालं, ‘तुम्ही या महिन्याचे दिले नाहीत.’ पण त्या महिन्यात कुणीच दिले नव्हते! पैसे जुने होते आणि त्यात त्याचा हिस्सा होता. माझ्या मते तो शंभर टक्के बरोबर होता. त्याची मूळ वर्गणी तेवढी परत करून विषय मिटवला, म्हणजे मिटला असं बाकीच्यांना वाटलं. पुढे साहेबांच्या निरोप समारंभाला त्यानं पाऊल ठेवलं नाही.

मोठी रक्कम अडकली तर कोर्ट आहेच, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी थोडं कायद्याचं. इंग्लंडमध्ये १९५५ साली एका घरमालकीण आजी, तिची नात आणि भाडेकरू यांनी वर्तमानपत्रातली स्पर्धा मिळून खेळली. प्रवेशिका आजीच्या नावावर होती. ७५० पौंड मिळाल्यावर आजीनं वाटा नाकारला, पण न्यायालयानं भाडेकरूला एक तृतीयांश दिला. आपल्याकडे वाट इतकी सरळ नाही. भारतीय करार कायद्याच्या ३० व्या कलमानुसार पैजेचे करार रद्दबातल असतात. अशा व्यवहारासाठी आपापसात केलेली भागीदारी मात्र तेवढ्यानं बेकायदा ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९५९ मध्ये घेरूलाल पारख खटल्यात सांगितलं. यात मेख अशी, की जुन्या मुंबई इलाख्यासाठी १८६५ चा वेगळा कायदा आहे, आणि तो पैजेला पूरक असलेले करारही रद्दबातल धरतो. सरकारी लॉटरीचं तिकीट वाटून घेण्याचा करार त्यात बसतो की नाही यावर वकील दोन्ही बाजूंनी बोलतील. पण महाराष्ट्रात दावा लावणाऱ्यापुढे विरुद्ध बाजूचा वकील हा मुद्दा काढणार, हे धरून चाला.

म्हणून कागदावरचे शब्द जपून निवडावेत. ‘बक्षीस लागलं तर तुम्हाला वाटा देईन’ असं लिहून घेऊ नये. ते वचन झालं, आणि वचनावरच वाद होतो. त्याऐवजी ‘अमुक सोडतीचं, अमुक मालिकेचं आणि क्रमांकाचं हे तिकीट खाली सह्या करणाऱ्या आठ जणांच्या सामायिक मालकीचं आहे, अमुक यांच्याकडे ते सांभाळायला दिलं आहे’ असं लिहावं. लॉटरीचं तिकीट म्हणजे दावा करता येण्याजोगा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २००६ मध्ये म्हटलं आहे. तो हक्क पहिल्यापासून आठ जणांचा होता हे सांगणारा कागद हाती असेल, तर कुणाकडे काही ‘मागायची’ वेळच येत नाही.

हाच कागद आयकरातही उपयोगी पडतो, आणि इकडे कुणाचंच लक्ष नसतं. लॉटरीच्या बक्षिसावर सरसकट ३० टक्के कर आहे, त्यावर ४ टक्के उपकर, आणि तिकिटांचा खर्चही वजा मिळत नाही. एकाच्या नावावर १ कोटी आले तर पगार बाजूला ठेवला तरी ५० लाखांवरच्या उत्पन्नाचा १० टक्के अधिभार लागतो. म्हणजे कर ३४ लाख ३२ हजार. तेच दहा जणांच्या नावे प्रत्येकी १० लाख धरले गेले तर अधिभार नाही, आणि एकूण कर ३१ लाख २० हजार. हा तीन लाखांचा फरक फक्त नोंदीचा आहे. दुसरी अडचण याहून वाईट. एकानं सगळी रक्कम घेऊन नंतर सहकाऱ्यांना वाटली आणि सामायिक मालकीचा पुरावा नसला, तर नातेवाईक नसलेल्याकडून मिळालेली ५० हजारांवरची भेट म्हणून ती रक्कम सहकाऱ्यांच्या हातात पुन्हा करपात्र धरली जाऊ शकते. एकाच पैशावर दोनदा कर! बक्षीस लागल्यावर घाईघाईनं केलेल्या स्टँप पेपरवर अधिकारी सहज विश्वास ठेवणार नाही, कारण त्याच्यावरची तारीखच बोलते. तिकीट घेतानाचा फोटो आणि सह्या असतील तर सांगायला आधार राहतो.

राहता राहिली रजेवरची आणि उधारीची माणसं. माझा कौल असा, की सोडतीआधीच्या यादीत ज्याचं नाव, त्याचा वाटा. त्याचे पैसे कुणी भरले असतील तर भरणाऱ्यानं तेवढेच परत घ्यावेत. उसने पन्नास देऊन दुसऱ्याच्या वाट्यावर हक्क सांगणं ही सावकारी झाली. यादीत नाव नसेल तर मात्र ‘मी दर वेळी असतोच की’ हे चालणार नाही, मग तो माणूस कितीही जुना असो. बदली किंवा निवृत्ती झाली तर शिल्लक बक्षिसांतला हिस्सा त्याच दिवशी हातात द्यावा. तिकीट आणणारा विसरला आणि नेमका नेहमीचा क्रमांक लागला तर त्यानं फक्त गोळा केलेले पैसे परत करावेत. त्याच्याकडून कोटींची भरपाई मागू नये. नाहीतर उद्या तिकीट आणायला कोणी पुढे येणार नाही.

यासाठी अर्ध्या पानाचा छापील नमुना पुरेल. पगारदार नोकरांच्या पतसंस्थांनी तो कर्जाच्या अर्जांशेजारी ठेवावा, अशी माझी विनंती आहे. राज्य लॉटरीच्या संचालनालयानं मराठीत असा नमुना काढून स्टॉलवर लावायला दिला तर आणखी उत्तम. ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीनं गटानं खेळणाऱ्यांसाठी कराराचा नमुना उपलब्ध करून दिलेला आहे, आपल्याला तो नव्यानं शोधायचाही नाही.

आपला,
एक निवृत्त मुख्य लिपिक
सांगली
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)