आधी डायल टोन कुठवर येतो ते बघ

लीड्स, इंग्लंड
दि. ९ नोव्हेंबर

चि. मेघना हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा लांबलचक निरोप मिळाला. बी.कॉम.चा निकाल हाती आल्यापासून तुझ्या मनात संगणकाच्या नोकरीचे घोळते आहे हे मला ठाऊक होते. परंतु दादरच्या त्या क्लासने सहा महिन्यांत ‘क्लाउड इंजिनिअर’ करून देण्याचे पंच्याऐंशी हजार रुपये सांगितले असून पहिला हप्ता शनिवारच्या आत भरायचा आहे, हे वाचल्यावर फोनवर घाईघाईत चार शब्द बोलण्यापेक्षा सविस्तर लिहिलेले बरे असे वाटले. तूर्त पैसे भरू नकोस. कारणे लिहितो, ती पटली नाहीत तर भांडायला तू आहेसच.

क्लाउड म्हणजे कुठल्या तरी डेटा सेंटरमधले दुसऱ्याच्या मालकीचे संगणक, आणि आपण ते लांबून, नेटवर्कवरून वापरतो. तेव्हा संगणक आणि नेटवर्क ही दोन्ही प्रकरणे कच्ची ठेवून क्लाउड शिकायला जाणे म्हणजे मुळाक्षरे न गिरवता निबंध लिहायला बसणे होय. मी नेमके तेच केले होते. मीही शिकत असताना मुंबईत एका क्लासला दणदणीत फी भरली, तिथे मला पडद्यावर सर्व्हरची रंगीत चित्रे दाखवण्यात आली, आणि संपूर्ण वर्षात एकदाही कोणी केबल हातात दिली नाही. त्याची किंमत मी इथे आल्यावर मोजली.

हेल्प डेस्कवर, म्हणजे कार्यालयातल्या लोकांच्या संगणकाच्या तक्रारी सोडवणाऱ्या विभागात, लागून तिसरा आठवडा होता. लेखा विभागातल्या एका बाईंचे इंटरनेट बंद पडले म्हणून मी त्यांच्या टेबलापाशी गेलो. ब्राउझरची साठवण पुसली, नेटवर्क कार्ड चालवणारा ‘ड्रायव्हर’ नावाचा प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकला, संगणक दोनदा बंद करून चालू केला, आणि पाऊण तासाने निरुपाय होऊन वरिष्ठांना बोलावले. त्यांनी उभ्या उभ्याच कमांडच्या काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ टाइप केले, संगणकाचा नेटवर्कवरचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो आहे एवढे पाहिले आणि सरळ टेबलाखाली वाकले. संगणकापासून तिथल्या छोट्या नेटवर्क स्विचपर्यंतची (एका केबलला अनेक संगणक जोडणाऱ्या डब्यापर्यंतची) केबल जागेवर होती, पण स्विचमधून भिंतीकडे जाणारी केबल सफाई करताना निसटून पडली होती. ती खट्कन बसवली आणि इंटरनेट सुरू झाले. बाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी घड्याळाकडे पाहिले ते मला अजून आठवते.

त्या आकड्याचा अर्थ असा. नेटवर्कला जोडला गेलेला संगणक आधी ‘मला पत्ता द्या’ अशी हाक मारतो, आणि पत्ते वाटण्याचे काम ज्याच्याकडे असते तो डीएचसीपी सर्व्हर त्याला एक पत्ता देतो. हाकेला ओ मिळालीच नाही तर विंडोज स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा एक पत्ता घेऊन बसते. म्हणजे हा पत्ता दिसला की दोष ब्राउझरमध्ये शोधायचे कारणच उरत नाही. संगणक आणि पत्ते वाटणारा यांच्या मधला रस्ताच कुठेतरी तुटलेला असतो किंवा वाटणाराच झोपलेला असतो. मूलभूत ज्ञान म्हणतात ते हेच, आणि ते नसेल तर माणूस पाऊण तास भलत्याच ठिकाणी खणत राहतो.

खरे म्हणजे ही विद्या आपल्या घरातच होती. बाबा टेलिफोन खात्यात असताना तक्रार आली की आधी इमारतीच्या डीपी बॉक्सवर, म्हणजे घरोघरच्या वायरी जिथून फुटतात त्या पेटीवर, टेस्ट फोन लावून डायल टोन येतो का ते पाहायचे, हे तुला आठवत असेल. टोन आला तर दोष तिथून घरापर्यंतच्या वायरीत. नाही आला तर पुढे पिलरवर, म्हणजे रस्त्याकडेच्या केबलच्या मोठ्या पेटीवर, आणि तिथेही नाही तर थेट एक्स्चेंजमध्ये. आमच्या कामात वेगळे काही नाही. केबल बसली आहे का, संगणकाला पत्ता मिळाला आहे का, घरातल्या राउटरला पिंग (‘आहेस का?’ अशी छोटी हाक, जिला समोरचा ओ देतो) जातो का, बाहेरच्या ८.८.८.८ या पत्त्याला जातो का, आणि शेवटी नावाने संकेतस्थळ उघडते का. आकड्याला पिंग जातो आणि नाव मात्र सापडत नाही, असे झाले तर बहुधा नावाचा आकडा करून देणारी डीएनएस व्यवस्था अडलेली आहे असे समजावे. हा क्रम हाताला लागला की अर्धी नोकरी आली असे मी समजतो.

पत्त्यातला कोणताही आकडा २५५ च्या वर का जात नाही, असे तू विचारले आहेस, आणि या प्रश्नाने मला फार बरे वाटले, कारण क्लासच्या माहितीपत्रकातल्या कोणत्याही ओळीपेक्षा तो मोलाचा आहे. संगणकाला फक्त शून्य आणि एक कळतात. असा एकेक शून्य किंवा एक म्हणजे बिट; अशा ८ बिटांचा एक बाइट होतो आणि त्यात २५६ निरनिराळ्या जुळण्या बसतात, म्हणजे शून्यापासून २५५ पर्यंत. पत्त्यात असे चार बाइट, म्हणजे ३२ बिट, आणि त्यांतून सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. ते जगाला पुरत नाहीत, म्हणून घरोघरी १९२.१६८ ने सुरू होणारे तेच ते पत्ते वापरले जातात. आपल्या चाळीत खोली नंबर १२ आहे आणि शेजारच्या चाळीतही आहे, तरी पोस्टमन गोंधळत नाही, कारण बाहेरून येताना तो चाळीचे नाव पाहतो. राउटरचा बाहेरचा पत्ता हे चाळीचे नाव. पत्त्यांचा तुटवडा कायमचा मिटावा म्हणून १२८ बिटांचे नवे पत्तेही आले आहेत, पण ते तू नंतर वाच.

आकड्यांचाच आणखी एक चमत्कार लॅमिंग्टन रोडवरच्या संगणकाच्या दुकानांत दिसेल. एक टेराबाइटची डिस्क घेतलेला माणूस विंडोजमध्ये ९३१ गिगाबाइट पाहून दुकानदाराशी हुज्जत घालतो. दुकानदार खोटा नसतो. डिस्क बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या पटीत, एवढेच.

आता तू काय करावेस ते सांगतो. ग्रँट रोड स्टेशनपासून चालत लॅमिंग्टन रोडला जा आणि एखाद्या कार्यालयातून निघालेला जुना डेस्कटॉप घासाघीस करून घे. नवा मुळीच घेऊ नकोस, कारण नव्याला हात लावायला जीव धजत नाही. वीज काढून तो उघड, रॅम काढून परत बसव, मुद्दाम अर्धवट बसवून तो काय ओरडतो ते ऐक. विंडोज पुसून त्याच्या जागी लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली टाक. ती फुकट आहे. नेटवर्कची थोडी केबल, तिच्या टोकाला बसवायचे काही आरजे-४५ कनेक्टर आणि ते दाबून बसवायचा क्रिम्पिंगचा चिमटा घे. आतल्या आठ तारांचा क्रम डावीकडून पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असा लागतो. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी या जोड्या बाबांना झोपेतून उठवून विचार, कारण टेलिफोनच्या केबलमध्येही हेच रंग असतात. पहिले पाच कनेक्टर वाया जातील. माझे नऊ गेले होते.

एका संध्याकाळी तू घरून इथल्या एखाद्या सर्व्हरला पिंग करून पाहा. मी इथून मुंबईला करतो तेव्हा जाऊन परत यायला दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो आणि लंडन-मुंबई हवाई अंतर सुमारे सात हजार दोनशे किलोमीटर आहे, म्हणजे सरळ रेषेत जाऊन-येऊन बहात्तर मिलिसेकंद तरी लागणारच. उरलेला वेळ समुद्राच्या तळाशी वळणे घेत जाणाऱ्या केबलचा आणि वाटेतल्या यंत्रांचा. यांतल्या काही केबल वर्सोव्याच्या किनाऱ्यावर जमिनीवर येतात. आपण तिथे लहानपणी मासळी बघायला जायचो आणि पायांखाली काय आहे याची गंधवार्ताही नव्हती. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा घरापर्यंतचा शेवटचा टप्पा टेलिफोनच्या तांब्याच्या तारांवरूनच जात असे, हेही बाबांना सांग; ते खूश होतील.

परीक्षांची घाई नको. कॉम्पटिया या संस्थेची संगणक दुरुस्तीची ‘ए प्लस’ दोन पेपरांची आहे, सिस्को या कंपनीची नेटवर्कची ‘सीसीएनए’ एका पेपरची, आणि दोन्ही प्रमाणपत्रे तीनच वर्षे चालतात. हाताला सवय होण्याआधी ती काढून ठेवलीस तर नोकरी लागेपर्यंत मुदतीतला बराच काळ निघून गेलेला असेल. शिकण्यासाठी ‘स्वयम्’ आणि ‘एनपीटीईएल’ या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळांवरचे अभ्यासक्रम विनामूल्य पाहता येतात.

पहिली नोकरी बहुधा हेल्प डेस्कचीच मिळेल, ऐरोलीला किंवा मालाडला, आणि पुष्कळदा रात्रपाळीची, हे आईला आताच सांगून ठेव, म्हणजे नंतर रडारड होणार नाही. मुलाखतीत सहसा विचारतात ते एवढेच, की एखाद्याचे इंटरनेट चालत नसेल तर तू काय करशील. म्हणून आजपासून एक वही घाल. चाळीत कोणाचा प्रिंटर अडला, कोणाचे वायफाय गेले, की तक्रार काय होती, तू काय काय पाहिलेस, कोणत्या क्रमाने पाहिलेस आणि शेवटी दोष कुठे निघाला, ते तारखेनिशी लिही. तुझा अंदाज चुकला असेल तर तोही लिही, खोडू नकोस.

बाबांचा टेस्ट फोन माळ्यावरच्या हिरव्या ट्रंकेत असावा. तो खाली काढ आणि डीपी बॉक्सवर ते टोन कसा पाहायचे ते एकदा त्यांच्याकडून प्रत्यक्ष समजून घे. वहीतली पहिली नोंद तीच होऊ दे, आणि त्या पानाचा फोटो मला पाठव.

ती. आई-बाबांना माझा साष्टांग नमस्कार सांग.

तुझा,
दादा